डिलनसोबत फिरायचं की एल्विससोबत?

एका रात्रीत रॉक अँड रोलवरचा एकच माहितीपट बघायचा असेल तर? 'डोन्ट लुक बॅक' (१९६७) की 'एल्विस ऑन टूर' (१९७२)?

पहिल्यात दिग्दर्शक पेनेबेकरचा कॅमेरा १९६५ मध्ये २३ वर्षांच्या अमेरिकन गायक बॉब डिलनमागे इंग्लंडभर फिरला. सगळं कृष्णधवल, निवेदन नाही, दिवे लावून सजवलेलं काही नाही. गाणी अर्धवट तोडलेली, म्हणजे मैफल ऐकायला बसलात तर वैतागाल. (शिवाय या दौऱ्यात तो एकटाच गिटार आणि माउथऑर्गनवर गातो, याला रॉक अँड रोल म्हणणं जरा ओढूनताणूनच.) पण त्यातला मॅनेजर बघाच! आल्बर्ट ग्रॉसमन निवांत बसलाय, समोरचा एजंट फोनवर दोन टीव्ही वाहिन्यांना एकमेकींविरुद्ध खेळवत बिदागी चढवतोय. भाजी मंडईतली घासाघीस याहून वेगळी नसते. आणि पत्रकारांची डिलन जी सालटी काढतो, त्यात तो हुशार कमी, उद्धट जास्त वाटतो. कॅमेरा तेही लपवत नाही.

गायक एल्विस प्रेस्लीचा पट रंगीत, पडदा दोन-तीन चौकटींत विभागलेला. त्यातल्या जुन्या दृश्यांच्या जुळणीत पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या मार्टिन स्कोर्सेसीचा हात आहे. गोल्डन ग्लोब पुरस्कारही मिळाला. गाणी भरपूर, झगमगीत पोशाख, गळ्यातले रुमाल प्रेक्षकांत वाटणं. माणूस मात्र हाती लागत नाही. अपवाद एकच: मैफलीबाहेर सोबत्यांबरोबर गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं) गाताना त्याचा चेहरा एकदम सैल होतो.

गाण्यांसाठी एल्विस लावा. मी डिलनच लावेन, रागावत का होईना.