तेरेखोलची फेरी, इटालियन मालक आणि वाटप नसलेले तिसरे

पासपोर्ट नाही व्हिसा नाही तरी परवा परदेशात जेवून आलो. वेंगुर्ल्याहून निघायचं, शिरोडा, रेडी, मग तेरेखोलला फेरीत गाडी घालायची आणि पलीकडे केरीला उतरलं की थोड्याच अंतरावर गोव्यातलं हरमल. तिथे संध्याकाळी रस्त्यावर सगळे गोरेच, पाट्या रशियन अक्षरात, आपणच पाहुणे वाटायला लागतो. आता आम्ही फेरीवर पोचलो तर ओहोटी, पाणी चढेपर्यंत थांबा म्हणाले, पाऊण तास तिथेच. बाबांची गाडीत टकळी सुरू, "मी सांगी होतंय, आरोंद्याच्या पुलावरसून जाव्या".

हॉटेल एका इटालियन माणसाचं आहे, नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत. मालक स्वतः लाकडाच्या भट्टीसमोर, कोपरापर्यंत पीठ. मेनू फळ्यावर खडूने आणि तोही इटालियनमध्ये, आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय तोवर वेटर आला तो निघाला रेडीचा, त्याने अख्खा फळा मालवणीत वाचून दाखवला. त्यातलं एक होतं स्पॅगेटी अल्ले वोंगोले, म्हणाला "तिसरे घातलेले शेवये समजा" (तिसरे म्हणजे खायचे शिंपले). झालं, आईने तेच मागवलं.

जेवण यायला पन्नास मिनिटं. डासांनी आधी जेवून घेतलं.

पण ताट आलं ते बघण्यासारखं होतं. तिसरे दोन्ही शिंपल्यांसकट, तोंड उघडलेले, लसणाचे पातळ काप, वरून कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली आणि तळाला ते गढूळसर पाणी, म्हणजे तिसऱ्यांचं स्वतःचं पाणी, थोडी व्हाइट वाइन आणि ऑलिव्ह तेल. बस. आपल्याकडे एकशिपी (एका शिंपीसकट शिजवलेले तिसरे) करताना विळीवर एक एक तिसरा फोडत बसायचं, इथे गरम भांड्यात टाकून झाकण ठेवतात, वाफेने आपोआप उघडतात, जो उघडत नाही तो टाकून देतात. आईने दोन मिनिटं नुसतं बघितलं. "वाटप नाय, हळद नाय, तिखट नाय, ह्येना शिजवल्यान खंय?" (वाटप म्हणजे आपला वाटलेला खोबऱ्याचा मसाला.) पण मग एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि शेवटी पावाने ते पाणी पुसून पुसून ताट असं केलं की घासायची गरज नाही. तिसरे ताजे होते हो, वाटपाखाली लपवायला जागाच नव्हती तिथे. एकात मात्र कचकन रेव लागली. आईला त्याचा जो आनंद झाला विचारू नका, लगेच वेटरला बोलावून तिसरे मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवायचे याचा क्लास घेतला.

बाबांनी मध्येच वरून चीज मागितलं. मालक भट्टी सोडून टेबलापर्यंत आला, बोट हलवत "नो चीज! फिश, नो चीज!" आम्हाला वाटलं आता वाद होणार, कारण बाबा गप्प बसणारे नाहीत, तर आईच म्हणाली, "बरोबर सांगता तो. माशार चीज कोण घालता?" विषय संपला.

पिझ्झा ठीक. कडा मस्त फुगलेल्या, जळके ठिपके वगैरे, पण मधला भाग इतका ओला की उचलला की सगळं टॉपिंग मांडीवर. नेपल्सकडचा पिझ्झा मध्ये मऊच असतो हे मला माहीत आहे, तरी हा जास्तच होता. तिरामिसू छान, कॉफी कडक, साखर बेताची. शेवटी लिमोनचेल्लो म्हणजे लिंबाच्या सालीची दारू छोट्या ग्लासात फुकट दिली, बाबांनी आईचाही ग्लास संपवला आणि चीज माफ केलं.

बिल मात्र डोळे पांढरे करणारं. तिसऱ्यांच्या एका ताटाचे ६५० रुपये, तेवढ्यात वेंगुर्ल्याच्या बाजारात इतके वाटे येतील की घर दोन वेळा जेवेल. वर जीपे नाही, कार्ड नाही, फक्त कॅश, आणि हे बिल आल्यावर सांगतात. मी एटीएम शोधत हरमलच्या गल्लीबोळातून वीस मिनिटं फिरलो, हे फळ्यावर लिहायला काय जातं?

परत मी जाईन, पण फक्त तिसऱ्यांसाठी, पिझ्झा नको. जायचं तर मेच्या आत जा, पावसात ही लोकं गाशा गुंडाळून आपापल्या देशात जातात. भरतीची वेळ बघून निघा नाहीतर सरळ आरोंद्यावरून किरणपाणीचा पूल धरा, आम्ही येताना तेच केलं (बाबा अर्थातच पूर्ण रस्ता बोलत होते). आणि ओडोमास न्या.