दोघांच्या निवांत जेवणासाठी घराजवळचं हॉटेल : काही महिन्यांच्या वापरानंतर

वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला एखादं महागडं हॉटेल ठीक आहे. पण नवरा-बायकोला, किंवा साखरपुडा झालेल्या दोघांना, अधूनमधून दीड-दोन तास शांत बसून जेवायचं असेल तर घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतलं साधं फॅमिली हॉटेलच कामाला येतं. छत्रपती संभाजीनगरात उस्मानपुरा, गारखेडा, सिडको, हडको, टीव्ही सेंटर या पट्ट्यात अशी हॉटेलं गल्लोगल्ली आहेत. ती काही महिने नेमानं वापरल्यावर एवढं पक्कं सांगता येतं की निवांतपणाचा हॉटेलच्या नावाशी फार संबंध नसतो. तो टेबल, वार आणि वेळ यांवर ठरतो. मंगळवारी साडेसातला जिथे पंख्याचा आवाज ऐकू येतो, तिथेच शनिवारी नऊला शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. म्हणून इथे कुठल्याही हॉटेलाचं नाव घेतलेलं नाही, प्रकारच सांगितले आहेत.

शुद्ध शाकाहारी फॅमिली हॉल सगळ्यात जास्त आणि सगळ्यात गोंगाटी. कारण सरळ आहे: खाली गुळगुळीत टाइल्स, समोर अख्खी काच, वर पीओपीचं छत आणि हातात स्टीलची ताटं. आवाज शोषून घेईल असं एकही कापड तिथे नसतं. बसण्याआधी मोबाइलवरच्या डेसिबल ॲपनं आवाज मोजून बघा. आकडा ७० च्या आत असेल तर नेहमीच्या सुरात बोलता येतं, ७५ च्या पुढे गेला की दोघंही नकळत ओरडायला लागतात. पण हेच हॉल सव्वासात ते सव्वाआठ या तासात उत्तम असतात. सहकुटुंब येणारी मंडळी साडेआठनंतर लोटतात.

बायपासच्या बाजूची गार्डन हॉटेलं फोटोत फार छान दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे बसायला खरंच मजा येते. बाकी दिवसांत डास, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो तेव्हा रात्री नऊपर्यंत फरशीतून वाफा येतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे बऱ्याच ठिकाणी तीच हिरवळ लग्नाचं लॉनही असते, नाहीतर शेजारी तरी लॉन असतंच. टेबल सांगण्याआधी कॅलेंडरात लग्नतिथी बघा. ध्वनिक्षेपक कायद्यानं रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणजे तुमचं जेवण संपतं तेव्हा शांतता सुरू होते.

परमिट रूमचा फॅमिली सेक्शन लोक उगाच टाळतात. एसी, मंद दिवे, गाद्यांच्या खुर्च्या आणि लहान मुलांची पळापळ नाही, त्यामुळे निवांत बसायला बहुतेक वेळा हाच प्रकार सरस ठरतो. फक्त दोन गोष्टी आधी स्वतः जाऊन पाहायच्या. फॅमिलीचा जिना किंवा दार वेगळं आहे का, आणि महिलांचं स्वच्छतागृह वेगळं आहे का. बारमधून वाट काढत जावं लागत असेल तर जेवण कितीही चांगलं असलं तरी ते हॉटेल यादीतून काढा.

क्रांती चौक, निराला बाजार, कॅनॉट भागातल्या कॅफेंबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खुर्च्या बुटक्या, गाणी मोठी, पोटभर जेवण मिळत नाही. पडदे लावलेल्या केबिन असतील तिथे तर जाऊच नका. आत हवा नसते आणि वेटरपासून मालकापर्यंत सगळ्यांची नजर तुमच्यावर असते. कोपऱ्यातलं उघडं टेबल त्याहून कितीतरी मोकळं.

आता नान-खलिया, म्हणजे नान आणि सोबत मटणाचा झणझणीत रस्सा. शहराची ओळख असलेला, तुघलकाच्या दौलताबादेतल्या मुक्कामाशी जोडला जाणारा हा पदार्थ खायलाच हवा, पण अशा जेवणासाठी त्याची ठिकाणं चालत नाहीत. तिथे माणसं खाऊन उठतात, बोलत बसत नाहीत. टेबलाशेजारी पुढचं गिऱ्हाईक उभं असतं आणि तर्रीचा डाग कपड्यावरून सहज निघत नाही. पार्सल आणा, घरी गच्चीवर खा.

टेबलाकडे मात्र नीट लक्ष द्यायचं. आत शिरल्यावर कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) सवयीनं दाराजवळचं किंवा मधलं टेबल दाखवतो, कारण बाहेरून हॉटेल भरलेलं दिसावं असं मालकाला वाटत असतं. तिथे न बसता हॉलला एक फेरी मारा. किचनच्या झुलत्या दारापासून निदान दोन टेबलं लांब, हात धुण्याच्या बेसिनकडे पाठ नको (ओले हात झटकणारा प्रत्येक माणूस तिथूनच जातो), आणि एसीच्या थेट झोताखाली नको, नाहीतर पाच मिनिटांत रोटी चामड्यासारखी आणि भाजीवर साय. टीव्ही कुठे आहे ते बघून जोडीदाराला त्याच्याकडे पाठ करून बसवा, किंवा स्वतः बसा. आयपीएलच्या दिवसांत ही काळजी दुप्पट. पश्चिमेची काच असेल तर उन्हाळ्यात साडेसातलाही ती हाताला तापलेली लागते.

दोघांचं छोटं टेबल मागू नका, चौघांचं मागा आणि समोरासमोर न बसता काटकोनात बसा. दोघांच्या टेबलावर दोन ताटं, पाण्याचा जग, भाजीचं भांडं आणि रोटीची टोपली ठेवली की कोपर टेकायला जागा उरत नाही. वेटरला प्रत्येक वेळी काहीतरी हलवायला मधे यावं लागतं आणि बोलणं तुटतं. गर्दीच्या वेळी चौघांचं टेबल दोघांना मिळत नाही, हेही लवकर जाण्याचं एक कारण. बसताच टेबल दाबून पाहा. डुगडुगत असेल तर पायाखाली टिश्यूची घडी सारायला तेव्हाच सांगा, सूप आल्यावर नको.

वारांचं गणित आपल्याकडे वेगळंच चालतं. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशीला मांसाहारी हॉटेलं ओस पडतात. श्रावणात तर महिनाभर. तेव्हा तिथल्या फॅमिली सेक्शनमध्ये हवं ते टेबल मिळतं, मात्र तंदूर पेटवलाय का आणि माल आजचा आहे का हे विचारूनच बसा. खप नसला की चिकन फ्रीजमध्ये मुक्काम करतं, त्यामुळे अशा दिवशी डाळ, पनीर, अंडा करी इतक्यावरच भागवावं. आखाडात याच्या बरोबर उलट: श्रावण लागण्याआधीचे दोन आठवडे मांसाहारी हॉटेलांच्या वाटेला जाऊ नका. संकष्टीला शाकाहारी हॉटेल चंद्रोदयापर्यंत, म्हणजे साधारण साडेआठ-नऊपर्यंत, रिकामं असतं आणि नंतर उपास सोडणाऱ्यांची एकदम झुंबड उडते. ज्यांचा उपास नाही त्यांनी सातला जाऊन पावणेनऊला उठावं. पगाराच्या आठवड्यातला शनिवार-रविवार सोडून द्या. जोडून सुट्ट्या आल्या की वेरूळ-अजिंठा करून परतलेल्या पर्यटकांच्या बस जालना रोडवरच्या हॉटेलांपुढे लागतात, तेव्हा गल्लीतलंच हॉटेल बरं.

निघण्याआधी एक फोन करावा आणि चार प्रश्न विचारावेत. आज हॉलमध्ये वाढदिवसाचं किंवा भिशीचं बुकिंग आहे का? टीव्ही चालू असतो का? जनरेटरवर एसी चालतो का? भाकरी किती वाजेपर्यंत मिळते? तिसरा प्रश्न उन्हाळ्यातला. वीज गेली की बहुतेक ठिकाणी दिवे आणि पंखे लगेच येतात, पण एसीचा भार जनरेटर पेलत नाही आणि काचबंद हॉल दहा मिनिटांत कोंदटतो. चौथ्याचं कारण असं की बऱ्याच ठिकाणी भाकरी करणाऱ्या ताई साडेनऊच्या आत घरी जातात. मग मेन्यूत पिठलं-भाकरी असली तरी पिठल्याबरोबर तंदूर रोटीच खावी लागते.

ऑर्डर देताना घाई केली की संध्याकाळ पस्तीस मिनिटांत संपते. त्यामागे किचनची पद्धत आहे. लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या दुपारीच तयार होऊन पातेल्यात असतात. तुम्ही पनीर लबाबदार म्हणा की काजू मसाला, त्यांतले पळी-दोन पळी एकत्र करून सात-आठ मिनिटांत भाजी तयार होते. सगळी ऑर्डर एकदम दिली तर सगळं एकदम येतं, कारण वेटरला टेबल मोकळं करायचं असतं. म्हणून आधी फक्त सूप वन बाय टू आणि एक स्टार्टर सांगा. स्टार्टर अर्धा संपला की एक भाजी आणि दोन रोट्या. “भाऊ, रोट्या दोन-दोनच आणा, सांगितल्यावर,” हे वाक्य सुरुवातीलाच म्हणायचं. गव्हाची तंदूर रोटी चार-पाच मिनिटांत कडक होते. नान मैद्याचं असल्यानं जरा जास्त वेळ मऊ राहतं. शेवटी जिरा राईस आणि दाल फ्राय, दोन्ही हाफ. दोघांना एक भाजी, चार रोट्या आणि एवढा भात पुरतो. दुसरी भाजी जवळजवळ नेहमी डब्यात बांधून घरी येते. एकच सावधगिरी: पावणेनऊच्या पुढे किचन तुंबतं, तेव्हा भाजी त्याआधी सांगून ठेवायची आणि रोटी तेवढी थांबवायची.

काय मागवू नये तेही सांगतो. सिझलर अजिबात नको. चरचर आवाज, धूर, आणि केसांना रात्रभर कोबी-सॉसचा वास. मसाला पापड दोन मिनिटांत लिबलिबीत होतो आणि त्याचा कांदा पुढचा तासभर तोंडात राहतो. मटण हंडी चवीला उत्तम, पण हाडं चोखत गंभीर बोलणं होत नाही. काजूची पांढरी ग्रेव्ही गोडसर असते, मराठवाड्यातल्या जिभेला ती तिसऱ्या घासाला नकोशी होते. सोबत शेंगदाण्याची चटणी मागून घ्या, बहुतेक ठिकाणी वाटीभर आणून देतात.

पाण्याबद्दल थोडं. शहराला जायकवाडीचं पाणी येतं, पण नळाला काही दिवसांच्या अंतरानं. त्यामुळे हॉटेलांचा बराचसा कारभार बोअर आणि टँकरवर चालतो. टेबलावरच्या जगमधलं पाणी जड लागलं तर सीलबंद बाटली घ्या आणि सील टेबलावरच फोडायला लावा. बेसिनच्या नळाला पाणी आहे का, साबण आहे का, हे बसण्याआधी बघितलं की किचनचाही अंदाज येतो.

गडबड बहुतेक दोन प्रकारे होते. पहिली म्हणजे शेजारच्या टेबलावर वाढदिवस निघतो आणि हॉटेलचा स्पीकर अचानक मोठा होतो. यावर उपाय नाही, पाच मिनिटं टाळ्या वाजवाव्यात. दुसरी म्हणजे ओळखीचे लोक. आपल्या शहरात कुठेही जा, मामेसासऱ्यांचे शेजारी भेटणारच. दाराकडे पाठ करून बसलं तर निम्मी भेट टळते. भेटलेच तर उभं राहून बोला, कारण तुम्ही बसून राहिलात की ते खुर्ची ओढतात. आणि एकत्र कुटुंबात राहत असाल तर निघतानाच “बाहेर जेवून येतो” असं सरळ सांगून जा, नाहीतर पनीर येताच “येताना कोथिंबीर आणा” असा फोन येतो.

बिल नीट वाचा. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के, म्हणजे ८०० रुपयांच्या जेवणावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) २० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) २०, एकूण ८४० रुपये. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के असतो. छोटं हॉटेल कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही आणि तसं बिलावर छापावं लागतं. दारूवर जीएसटी नसतो, म्हणून परमिट रूममध्ये जेवण आणि पेयं यांचे कर वेगळे मांडलेत का पाहा. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची तशी मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ पासून आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. वाद वाढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण जोडीदारासमोर चाळीस रुपयांसाठी आवाज चढवण्यापेक्षा बिलाचा फोटो काढून दुसऱ्या दिवशी तक्रार करणं चांगलं. टिप रोख आणि त्याच वेटरच्या हातात द्या. दोन-तीनदा एकाच हॉटेलात गेलात की तो आपणहून कोपऱ्यातलं टेबल राखतो आणि रोट्या न सांगता दोन-दोनच आणतो.

गोड हॉटेलात खाऊ नका. गुलाबजाम थंड असतात आणि आइस्क्रीमचा कप बाहेर स्वस्त पडतो. उस्मानपुऱ्याच्या बाजूला असाल तर तारा पान सेंटर आहेच. तिथलं नवदांपत्यासाठीचं पाच हजारांचं कोहिनूर पान गाजलेलं असलं तरी रोजच्यासाठी साधं मघई पुरे.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही, ती पार्किंगची. गल्लीतल्या हॉटेलापुढे साडेसातला लावलेली स्कूटर पावणेदहाला तीन कारच्या मागे अडकलेली असते. जमेल तेव्हा रस्त्याकडे तोंड करून, वॉचमनच्या खुर्चीला लागून लावावी. चारचाकी असेल तर ती घरीच ठेवून रिक्षानं जावं.