प्रशिक्षण व भेट की शेतीशाळा? स्थानिक अधिकाऱ्याच्या नजरेतून

कृषी विस्ताराचा, म्हणजे शेतीचं नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याच्या कामाचा, निधी मंजूर करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला प्रशिक्षण व भेट पद्धत सोयीची वाटते, आणि ते साहजिकही आहे. जागतिक बँकेने १९७०च्या दशकापासून १९९०च्या दशकापर्यंत अनेक देशांत नेलेली ही पद्धत वेळापत्रकावर चालते: कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण, ठरलेल्या दिवशी भेट, निवडक संपर्क शेतकऱ्यांमार्फत पुढे प्रसार. किती भेटी झाल्या ते अहवालात लगेच दिसतं. शेतकऱ्याने त्यातलं काय उचललं, ते दिसत नाही. शिवाय पगार कायमचे. बाहेरचा निधी आटला की ते कुणी द्यायचे?

शेतीशाळा १९८९मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या निमित्ताने सुरू झाली. २०-२५ शेतकरी हंगामभर दर आठवड्याला शेतातच जमतात, मित्रकिडी आणि शत्रुकिडी मोजतात, फवारायचं की नाही ते स्वतः ठरवतात. शिकणं इथे मुरतं. पण माणसं थोडी, दरडोई खर्च जास्त. आणि टळलेल्या फवारणीची फीत कोण कापणार?

नवं बियाणं पोचवण्यासारखा साधा निरोप असेल तर भेटी पुरतात. कीड व्यवस्थापनासाठी मात्र मी शेतीशाळेलाच पैसे देईन, आढावा बैठकीत आकडा लहान दिसला तरी.