अ‍ॅम्बेसेडरचा कापलेला शाफ्ट : आठ महिन्यांनंतर

माझ्या १९८४च्या मार्क फोर अ‍ॅम्बेसेडरमधलं १४८९ सीसीचं इंजिन आणि स्टेअरिंगवरून पडणाऱ्या चार गिअरांचा बॉक्स काढून १८०० आयएसझेड या नंतरच्या अ‍ॅम्बेसेडरचं इसुझू इंजिन पाच गिअरांसकट बसवलं, त्याला आठ महिने झाले. गाडी सहा हजार किलोमीटर पळाली. सगळे इंजिनाबद्दल विचारतात. मला रडवलं ते प्रोपेलर शाफ्टने, म्हणजे गिअरबॉक्सचं फिरणं मागच्या चाकांकडे पोचवणाऱ्या लांब दांड्याने.

आयएसझेडचा शाफ्ट सोबतच मिळाला होता. बॉडी तीच, म्हणजे तसाच बसेल, असं मी धरून चाललो. पण इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन मिस्त्रीने हाताने बनवलेलं, त्यात बॉक्स पाऊण इंच मागे सरकला. शाफ्ट पुढून इतका आत शिरला, की खड्ड्यात मागचे पाटे (स्प्रिंगा) दबले असते तर थेट बॉक्सलाच ठोकर बसली असती. मग तो कापणं आलं. माप गाडी चारही चाकांवर उभी असतानाच घ्या. जॅकवर मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग खाली लोंबतं आणि माप फसतं. योक, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा दोन बोटांचा फाटा, पूर्ण आत ढकलून तिथून इंचभर बाहेर, एवढी जागा आम्ही सोडली.

लेथवाल्याने काम देखणं केलं, वर काळा रंगही मारून दिला. पहिल्याच आठवड्यात कात्रजच्या पुढे काटा सत्तरला टेकला आणि सीटखाली गुरगुर सुरू. मिस्त्री म्हणाला, "साहेब, चाकं बॅलन्स करून घ्या." घेतली. काही फरक नाही. मग इंजिनावर संशय. पण चौथ्यातही सत्तरलाच, पाचव्यातही सत्तरलाच, न्यूट्रलमध्ये घरंगळू दिली तरी तेच! इंजिनाचे फेरे बदलतात, गुरगुर जागची हलत नाही. चाकांशी कायमचा बांधलेला असतो तो शाफ्टच.

गाडीखाली झोपून पाहिलं, तर दोन टोकांचे योक एका रेषेत नव्हते. वेल्डिंग करताना फिरले होते. योकला जोडणारा सांधा म्हणजे क्रॉस; कोनात चालणारा क्रॉस दर फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. पुढच्याने घातलेला घोळ मागच्याने निस्तरायचा, तर दोघे एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे. शाफ्ट पुन्हा कापला, या वेळी आधी खुणेची रेघ मारून जोडला, बॅलन्सिंग दुसरीकडे केलं. तरी थोडी थरथर उरलीच. मोबाइलवर कोन मोजले : बॉक्सकडे दोन अंश, हाउसिंगकडे साडेचार. पाटे आणि हाउसिंग यांच्यामध्ये अडीच अंशांच्या पाचरी घातल्या, तेव्हा कुठे गाडी शांत झाली.

आता नव्वदपर्यंत आरसा थरथरत नाही. क्रॉस मात्र ग्रीस भरायचं निप्पल असलेलेच घ्या. मी दोन हजार किलोमीटरला ग्रीस मारतो. इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद लागते, ते आरटीओचं काम आधी उरका.

बॉक्सच्या शेपटाकडचं ऑइल सील अजून पाझरतं. दोनदा बदललं. सध्या पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाकून ठेवतो.