पंधरा एमएमचं स्टिकर

पोर्चसाठी पार्किंग टाइल्स आणल्या होत्या. व्हिट्रिफाइड, १२ एमएम जाड, वरून मॅट ग्लेझ. मिस्त्रीने मधल्या अख्ख्या टाइल्स बसवून दिल्या आणि कडेचे तुकडे पुढच्या आठवड्यात करतो म्हणून जो गेला तो गेलाच. तीसेक कट राहिले होते. म्हटलं, हाताने चालवायचं टाइल कटर आणू, दोन तासांचं काम. हत्यारं घ्यायची हौस मला जुनीच आहे, आणि ती महाग पडते हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

कामानिमित्त पुण्याला गेलो तेव्हा हार्डवेअरच्या एका दुकानात शिरलो. पिशवीत नमुन्याला आमची एक टाइल होती. दुकानदाराने खोका पुढे केला. त्यावर स्टिकर: कमाल जाडी १५ एमएम, कार्बाइड व्हील, म्हणजे टाइलवर रेघ मारणारं अतिकठीण चाक. किंमत ३,८०० रुपये. चालवून दाखवा म्हणत मी पिशवीत हात घातला, तर तो म्हणाला, "काका, तुमची कशाला वाया घालवता? एक कमी पडली तर तोच शेड परत मिळत नाही." माणूस बरा वाटला मला. फसलो तो नेमका तिथे.

त्याने काउंटरखालून स्वतःची टाइल काढली, चाक एकदा फिरवलं, हँडल दाबलं, टक्क. दोन सरळ तुकडे. तुटलेली कड विटेसारखी लाल होती हे मला दिसलं होतं, पण त्यावरून काय ओळखायचं ते ठाऊक नव्हतं. ती भिंतीची सिरॅमिक टाइल होती. सात-आठ एमएमची, आतून सच्छिद्र, पाणी पिणारी. ती कुठल्याही कटरने तुटते. व्हिट्रिफाइड टाइल इतकी घट्ट भाजलेली असते की जवळजवळ पाणी शोषतच नाही, आणि तुटायलाही तेवढाच त्रास देते.

घरी पहिल्या दोन टाइल्स कशाबशा तुटल्या. चाक चालताना चर्रर्र असा सलग आवाज यायला हवा आणि मागे केसासारखी बारीक रेघ उमटायला हवी. तिसऱ्या टाइलला आवाज तुटक यायला लागला आणि शेवटच्या चार बोटांत चाक नुसतं घसरलं. हँडल दाबलं तर तडा रेघ सोडून कोपऱ्याकडे पळाला. पुढच्या टाइलला मी चाक दोनदा फिरवलं. हा मात्र माझा गाढवपणा. दुसरी रेघ पहिलीवर बरोबर बसत नाही आणि ग्लेझच्या कपच्या उडतात. जोर लावला तर चाक ज्यावरून सरकतं त्या वरच्या दांड्याच मधोमध वाकायला लागल्या. नऊ टाइल्स गेल्या. सौ. दारात उभी राहून मोजत होती, बोलत काही नव्हती.

शेजारच्या बांधकामावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने पान्याने चाक सोडवलं आणि त्यावर कानस ओढली. कार्बाइडवर कानस नुसती घसरते. इथे चकचकीत ओरखडा उठला आणि बोटाला भुगा लागला. "साधं लोखंड आहे, दादा. धार कवाच बसली." मग सौ.ने खोक्यावरचं स्टिकर नखाने उचललं. खाली मूळ छपाई: ८ एमएम.

परत दुकानात गेलो. "वापरलेला माल परत होत नाही," त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. मी मागितलेली पावतीही कच्ची, दुकानाचं नावच नसलेली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. पाटी लावल्याने हे बदलत नाही. हे मला घरी आल्यावर, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्याच्या खटपटीत कळलं. पैसे यूपीआयने दिले होते, ती नोंदच आता माझी पावती.

आठ दिवसांनी दुकानदाराचा फोन आला, निम्मे पैसे घ्या आणि मिटवा म्हणून. मी अजून हो म्हटलेलं नाही. राहिलेले कट त्या मिस्त्रीने ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून दीड तासात उरकले. धूळ मात्र अशी उडाली की तुळस दोनदा धुवावी लागली. सोलून काढलेलं स्टिकर सौ.ने गॅसच्या बिलांसोबत पिनेला लावून ठेवलंय.