फिटनेस बँड पाच महिने वापरून: पावलं खोटी, ईर्षा खरी

दोन हजाराच्या आतला बँड आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढं शिव्या पण घालणार आहे. मार्चमध्ये राजारामपुरीत १,८९९ ला घेतला, तेव्हापासनं चार्जिंगचा तासभर सोडला तर हातातच आहे, आंघोळ, धुणं-भांडी सगळं त्याच्यासकट. वजन ७४.६ होतं ते आता ६९.८ आहे. म्हणून लगेच दुकानात पळू नका, आधी वाचा. आणि बाई असून 'गेलो-आलो' काय लिहिते असं कुणी विचारू नका, कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो.

पहिली गोष्ट, हा पावलं मोजतच नाही, हाताचे हेलकावे मोजतो. आत एक सेन्सर असतो, त्याला हात हलला की पाऊल पडल्यासारखं वाटतं. मी शिवाजी पेठेतनं शिरोली एमआयडीसीला मोपेडवर जातो, नुसतं बसून, तर ऑफिसात पोचेपर्यंत याच्यावर सात-आठशे पावलं झालेली असतात, सगळी खड्ड्यांची कृपा. उजव्या हातात घालून भाकऱ्या थापल्या तर त्या पण चालण्यात धरल्या! आणि उलट कपिलतीर्थ मार्केटातनं दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या घेऊन घामाघूम होऊन घरी आलो की तिथली अर्धी पावलं गायब, कारण हात हललाच नाही. खरं कष्टाचं काम त्याला दिसत नाही, घरातल्या माणसांसारखंच.

कॅलरीचा आकडा तर बघूच नका. सुरुवातीला मी रंकाळा तळ्याला पूर्ण फेरी मारली की हा ३४० कॅलरी जळाल्या म्हणायचा, मग मला वाटायचं आज मिसळ चालतीय, आणि जादा कट मागून घ्यायचो. आता हिशेब बघा, एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे झाल्या सव्वाशे, आणि कटावर तरंगतं ते काय एक चमचा असतंय व्हय? दीड महिना रोज चाललो आणि काटा जागचा हलेना तो यामुळं. नंतर वाचलं की स्टॅनफर्डवाल्यांनी २०१७ साली असले सात पट्टे तपासलेले, हृदयाचे ठोके सहांनी बरे मोजले, पण कॅलरीत त्यातला सगळ्यात चांगला २७ टक्के चुकलेला आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. तेव्हापासनं तो आकडा मी स्क्रीनवरनंच काढून टाकला. मिसळ सोडली नाही, महिन्यातनं दोनदा, जादा कट बंद. पांढरा रस्सा मात्र कमी करायला लागला, तिखट नाही म्हणून मी तो हलका समजून वाट्यावर वाट्या प्यायचो, त्यात नारळाचं दूध आणि काजू असतात हे स्वतः करत असून डोक्यात आलं नव्हतं.

बँडवर आधीच दहा हजार पावलांचं टार्गेट लावलेलं येतं. नोकरी आणि घर सांभाळून मला ते कधी जमायचं नाही, रात्री साडेदहाला ७,२०० बघून वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी फरसाणाचा डबा काढतो. मग कळलं की हा आकडा काय डॉक्टरांनी काढलेला नाही, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, मान्पो-केई, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलं मोजणारं. २०१९ ला अमेरिकेत वयस्कर बायकांवर एक अभ्यास झाला त्यात साडेसात हजाराच्या आसपास गेल्यावर आयुष्याच्या हिशेबात फायदा वाढायचा थांबलेला. मी काय अजून वयस्कर नाही, पण आकडा आवडला, टार्गेट ७,५०० करून टाकलं आणि फरसाणाचा डबा पोरांकडं गेला.

आता एवढ्या शिव्या घालून पण हातात का ठेवलाय ते सांगतो. एप्रिलमध्ये वहिनीनं सेम बँड घेतला आणि ॲपमध्ये आम्ही एकमेकींना जोडलं. वहिनी मंगळवार पेठेत, ते माझं माहेर, आणि सासर शिवाजी पेठ, म्हणजे पेठापेठांच्या फुटबॉलच्या सिझनला मी कुणाकडनं हा प्रश्न लग्नापासनं सुटलेला नाही. इथं तरी सुटला. रोज रात्री दोघींचा आकडा समोरासमोर दिसतो, आणि कोल्हापूरच्या माणसाला डाएट चार्ट दिऊन काय होत नाही, ईर्षा लावून द्या मग बघा. मी पावणेअकराला गाऊनवर स्वेटर चढवून गल्लीत फेऱ्या मारलेल्या आहेत, तीनशे पावलांसाठी! मिस्टरांना वाटलं भांडून चाललोय.

एकदा वहिनीची १९,००० पावलं. मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी भाच्यानंच फोडलं, बँड त्याच्या हातात बांधून मॅचला पाठवलेलं. आठवडाभर बोललो नाही, चाललो मात्र दोघी तुफान.

मार्चमध्ये सुरू केलं तेव्हा रंकाळ्याच्या पाण्यातला संध्यामठ बऱ्यापैकी उघडा होता, जुलैत पाण्यात गेला, आणि पावसात रंकाळा पण बंद झाला आमचा. तिथं बँड कामाचा नाही, तासाला थरथरून 'उठा' म्हणतो, पण बाहेर कोसळतोय हे त्याला कुठं कळतंय. तेव्हा वहिनी पण बसलेली, त्यामुळं ईर्षा पण थंड, आणि वजन ८०० ग्रॅम वर. त्यात एका रविवारी मटण झाल्यावर सोमवारी काटा सव्वा किलो वर, रडायलाच आलो. एका रात्रीत एवढी चरबी चढत नाही, मिठानं पाणी धरलेलं असतं, गुरुवारी परत उतरलं. आता फक्त शनिवारी सकाळी वजन करतो.

पट्टा चौथ्या महिन्यात तुटला. दुकानदार म्हणाला पट्टा वॉरंटीत येत नाही, वॉरंटी फक्त मशीनला. १५० चा दुसरा घातला, तो मूळच्यापेक्षा बरा आहे. चार्जिंग आठ दिवस जातं, स्क्रीन उन्हात दिसत नाही, झोपेचं रेटिंग देतो ते मी बघत नाही, मला माहिताय मी कशी झोपतो.

पाचात तीन स्टार. एकट्यानं घेणार असाल तर दोनच धरा. जावेला, वहिनीला, नाहीतर ऑफिसमधल्या जिच्याशी पटत नाही तिला पण घ्यायला लावा. आत्ता नऊ वाजलेत, मी ६,९४०, ती ७,३१०, छत्री शोधतोय.