भावंडांच्या आइस्क्रीम मालिकेसाठी ठाण्यातला सेट की नवी मुंबईतलं खरं दुकान?

चार भावंडं, समुद्रकाठचं आइस्क्रीमचं दुकान आणि गल्ल्यावर कोण बसणार यावरून रोजची वादावादी. अशी कौटुंबिक विनोदी मालिका कागदावर तयार झाली की पहिला मोठा खर्च येतो तो दुकानाचा. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात शेड भाड्याने घेऊन दुकान उभारायचं, की वाशी-बेलापूरकडे खाडीसमोरचा खरा गाळा घेऊन तिथेच शूटिंग करायचं? सेटला जीव नसतो, असं एक बाजू म्हणते. लोकेशनवर दिवस वाया जातात, असं दुसरी. दोघांचंही खरं आहे, पण निर्णय त्यावर होत नाही. एकूण भाग किती आणि त्यातली किती पानं काउंटरपाशी घडतात, हे आधी मोजा.

बावीस मिनिटांच्या भागाची संहिता साधारण ३० पानांची होते. सेटवर तीन कॅमेरे लावून दिवसाला ८ ते १० पानं निघतात. गाळ्यात एका कॅमेऱ्याने ४ ते ५ पानं निघाली तरी युनिटने चांगलं काम केलं म्हणायचं. आठ भागांची २४० पानं धरली तर सेटवर सुमारे २७ दिवस, गाळ्यात सुमारे ५३. म्हणजे सेटच्या खर्चाची तुलना गाळ्याच्या भाड्याशी करायचीच नाही. ती करायची त्या जादा २६ दिवसांच्या कलाकार, युनिट, जेवण, गाड्या आणि जनरेटरच्या खर्चाशी. हा हिशेब न करता ‘दुकान स्वस्तात मिळतंय’ म्हणून होकार देणारे निर्माते पुढे संकलनाच्या टेबलावर रडतात.

गाळ्यात कॅमेरा एकच का, तर जागाच तेवढी असते. सेक्टरमधला साधा दुकानगाळा १० बाय २० फुटांच्या आसपास असतो. त्यातून अडीच फुटांचा काउंटर, मागे माणसाला उभं राहायला तीन फूट आणि भिंतीला लावलेला डीप फ्रीझर वजा करा. उरलेल्या जागेत चार कलाकार, बूम म्हणजे लांब दांड्यावरचा माइक धरणारा, एक लाइट आणि कॅमेरा. मागे सरकायला जागा नाही म्हणून वाइड लेन्स लावावी लागते आणि काउंटरवर वाकलेल्या मोठ्या भावाचं नाक पडदाभर होतं. सेटवर तीनच भिंती असतात. ३० फूट रुंद, १८ ते २० फूट खोल दुकान उभारलं की चौथी बाजू कॅमेऱ्यांना मोकळी मिळते. मधला कॅमेरा सगळ्यांना धरतो, बाजूचे दोन तिरके राहून समोरासमोरच्या चेहऱ्यांवर असतात. धाकटी बोलत असताना थोरलीचा चेहरा पडतो, तो त्याच क्षणी टिपला जातो. भावंडांच्या विनोदात अर्धं हसू ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं. गाळ्यात ते वेगळ्या अँगलने, तासाभराने, पुन्हा करून घ्यावं लागतं आणि तोवर त्यातली चव गेलेली असते.

वितळणं

सेटच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा आइस्क्रीमचाच आहे, आणि रेकीला, म्हणजे जागा बघायला, गेलेली मंडळी नेमका तोच विसरतात. स्कूप उणे १२ ते उणे १४ अंशांना नीट निघतो. लाइटखाली, २८ अंशांच्या खोलीत दोन-तीन मिनिटांत त्याची कड जाते आणि थोड्या वेळात कोनावरून ओघळ सुरू होतो. एका कॅमेऱ्याने तीन अँगल, प्रत्येकाचे चार टेक, म्हणजे एका कोनासाठी १२ स्कूप. सीनमध्ये दोन कोन असतील तर २४. साठ ग्रॅमचा स्कूप धरला तर जवळजवळ दीड किलो आइस्क्रीम दोन पानांच्या सीनमध्ये संपतं. शिवाय प्रत्येक वेळी स्कूप तेवढाच वितळलेला हवा, नाहीतर कट मारल्यावर आइस्क्रीम उलट गोठताना दिसतं. तीन कॅमेरे एकाच वेळी चालू असले की तोच कोन, तोच ओघळ तिन्हीकडे मिळतो आणि कंटिन्युटी, म्हणजे शॉटमागून शॉट जुळतो का ते, बघणाऱ्याचं अर्धं काम संपतं.

दोन्ही ठिकाणी उपयोगी पडणारी पद्धत एकच. स्कूप आदल्या रात्री काढून, ट्रेमध्ये सुटे ठेवून, उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये कडक करा आणि टेकच्या आधी एकेक बाहेर काढा. व्हॅनिला उजेडात फुलून पांढरा डाग होतो. आंबा, पिस्ता, स्ट्रॉबेरी उठून दिसतात. ताज्या फळांचं, कमी स्टॅबिलायझरचं सीताफळ किंवा जांभूळ लवकर वितळतं, ते फक्त खाण्याच्या शॉटला घ्या.

काचेच्या काउंटरमध्ये मागे दिसणाऱ्या डब्यांत मात्र खरं आइस्क्रीम भरू नका. डालडा २०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज ३०० ग्रॅम आणि पिठीसाखर ९०० ग्रॅमच्या आसपास घेऊन, खायचा रंग घालून घट्ट मळा. गोळा हाताला चिकटायचा थांबला की झालं. स्कूपरने ओढल्यावर खाली खडबडीत झालर सुटली पाहिजे. गुळगुळीत निघाला तर साखर कमी पडली, भुगा झाला तर ग्लुकोज. उकडलेल्या बटाट्याचा लगदाही चालतो असं सांगतात. चालतो, पण लांबूनच. सुकला की तडे जातात आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. नकली डब्यांवर खूण करा, कारण सेटवर कोणीतरी चमचा घालतंच. धुरासाठी ड्राय आइस आणाल तर ते उणे ७८ अंशांचं असतं. उघड्या हाताने धरायचं नाही, बंद खोलीत ठेवायचं नाही आणि खाण्याच्या वाटीत तर मुळीच घालायचं नाही.

कोन दमट हवेत अर्ध्या तासात मऊ पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आतून चॉकलेटचा पातळ थर दिलेले घ्या.

आवाज

सिंक साउंड घेणार असाल, म्हणजे संवाद शूटिंगच्या वेळीच ध्वनिमुद्रित करणार असाल, तर गाळ्यातला डीप फ्रीझर हा पहिला शत्रू. कॉम्प्रेसरची घरघर प्रत्येक संवादाखाली बसते आणि मध्येच बंद झाली तर कट जुळत नाही. टेकपुरता फ्रीझर बंद ठेवता येतो, पण तो परत चालू करायचं हमखास राहून जातं. म्हणून बंद करणाऱ्याने आपल्या गाडीची किल्ली फ्रीझरमध्ये ठेवायची, ही ध्वनिमुद्रकांची जुनी युक्ती पाळा; घरी निघताना किल्ली शोधली की फ्रीझर आठवतोच. बंद केल्यावर पाच मिनिटांच्या आत पुन्हा चालू करू नका, कॉम्प्रेसरवर ताण येतो. काचेच्या झाकणाच्या फ्रीझरचा गारवा भरलेल्या पेटीफ्रीझरपेक्षा फार लवकर उतरतो, हेही धरून चला.

सेटवर भंगारातलं कॉम्प्रेसर काढलेलं काउंटर आणायचं आणि खरा फ्रीझर भिंतीपलीकडे, पन्नासेक फुटांवर ठेवायचा. काउंटर थंड नसल्यामुळे काचेवर दवही धरत नाही. गाळ्यात दर दहा मिनिटांनी काच पुसावी लागते.

सेट शांत असतोच असं नाही. पत्र्याच्या शेडवर पाऊस पडायला लागला की संवाद विसरा. जून ते सप्टेंबरमध्ये शूटिंग असेल तर ॲडव्हान्स देण्याआधी छताला आतून आच्छादन आहे का ते बघा. शेजारच्या गाळ्यात लेथ किंवा कटर चालतो का, तेही कामाच्या दिवशी जाऊन ऐका. घोडबंदरची वाहतूक हा वेगळा विषय. गायमुखला कोंडी झाली की अंधेरी-गोरेगावहून मीरा रोडमार्गे येणारे कलाकार अडकतात आणि नऊची शिफ्ट साडेदहाला सुरू होते.

समुद्र

इथे नवी मुंबईची बाजू वरचढ वाटते, पण एक गोष्ट स्पष्ट असू द्या: वाशीला आहे ती ठाण्याची खाडी आणि बेलापूरला पनवेलची. वाळू नाही, लाटा नाहीत, कडेला कांदळवन. भरतीला पाणी छान भरतं, सहा तासांनी समोर चिखल. सकाळी घेतलेल्या सीनचा उरलेला भाग दुपारी घ्याल तर दुकानासमोरचा समुद्रच गायब असेल.

शिवाय वाशीला खाडी पश्चिमेला आहे. पाण्याकडे तोंड असलेल्या दुकानात दुपारी तीननंतर ऊन थेट आत येतं, चेहरे अंधारात जातात आणि काउंटर तापतो. म्हणजे बाहेरचं काम सकाळचं, आणि भरतीही सकाळचीच हवी. कोळीवाड्यांतला आडाखा इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ, चतुर्दशीला साडेदहा. खाडीत आत भरती जरा उशिरा पोचते, तेव्हा अर्धा-पाऊण तास पुढे धरा आणि भरतीच्या कोष्टकावरून पक्कं करा. शुद्ध असो वा वद्य, एकादशी ते चतुर्दशी हे चार दिवस बाहेरच्या शॉटसाठी राखून ठेवा. कांदळवनात उतरायचं नाही. ते संरक्षित वन आहे आणि तिथे परवानगीचं प्रकरण वेगळंच चालतं. रस्त्यावर कॅमेरा लावायला महापालिका आणि पोलीस, जेट्टीवर मेरीटाइम बोर्ड, जागा सिडकोची असेल तर सिडको, अशी यादी आधीच करा. लाटांचा लांबचा शॉट हवाच असेल तर उरण किंवा अलिबागला एक दिवस जाऊन या. ठाण्यातला उपवन तलाव समुद्र म्हणून खपवायचा मोह काहींना होतो, पण समोर येऊरचा डोंगर उभा असतो.

सेटवर समुद्र म्हणजे खिडकीबाहेर ८ ते १० फुटांवर लावलेला मॅट छपाईचा पडदा. चित्र मुद्दाम जरा धूसर छापून घ्या आणि त्याला वेगळा लाइट द्या. चकचकीत फ्लेक्स नको. उथळ ट्रेमध्ये पाणी, तळाशी आरशाचे तुकडे, वरून तिरका लाइट, आणि मधूनमधून बोटाने पाणी हलवायचं. छतावर पाण्याची झिलमिल येते आणि बघणारा पडद्याकडे पाहतच नाही. वाऱ्यासाठी पंखा आवाज करतो. त्यापेक्षा कागदी नॅपकिनांना तंगूस, म्हणजे मासेमारीचा पारदर्शक दोरा, बांधून खालून ओढा.

मालिकेत १४ वर्षांखालचं मूल असेल तर दोन्ही ठिकाणी नियम तेच. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती, आणि मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. पाच तासांत गाळ्यात दोन-अडीच पानं निघतील. छोटा भाऊ प्रत्येक सीनमध्ये असेल तर गाळ्याचा पर्याय इथेच बाद होतो.

मग काय घ्यावं

एकच भाग नमुना म्हणून करून वाहिनीला दाखवायचा असेल तर खरा गाळा घ्या. पाच-सात दिवसांसाठी सेट लावणं परवडत नाही. गाळा निवडताना कोपऱ्याचा, दोन शटरांचा बघा, म्हणजे दुसरा कॅमेरा रस्त्यावरून लावता येतो. तीन-चार भागांचं प्रकरण असेल तर दोन्हीकडचा खर्च कागदावर मांडून बघा, कल कुठेही जाऊ शकतो. सहा किंवा त्याहून जास्त भाग असतील तर ठाण्यात सेट आणि नवी मुंबईत बाहेरच्या शॉटचे तीन-चार दिवस, असंच करावं.

मात्र क्रम उलटा ठेवा. आधी बाहेरचं दुकान पक्कं करा, मग त्याच्या मापाने सेट बनवा. शटरची रुंदी, पायरीची उंची, लादीचा रंग, दार कुठल्या हाताला उघडतं, पाटीखालची ट्यूब पांढरी की पिवळी, सगळं टेप लावून आणि फोटो काढून आर्ट डिपार्टमेंटला द्या. धाकटा चिडून काउंटरवरून उडी मारतो आणि शटरखालून बाहेर पडतो, तो आत ठाण्यात असतो आणि बाहेर वाशीत. पायरी इथे सहा इंचांची आणि तिथे नऊची असली, तर त्याचा पाय मध्येच तीन इंच वर उचलला गेलेला प्रत्येक बघणाऱ्याला दिसतो.